श्रोत्याची जबानी

व्याख्यान संपते, आभारप्रदर्शन उरकते, शाल आणि श्रीफळ हाती येते, आणि चहाचा पेला घेऊन वक्ता सभागृहाच्या एका कडेला उभा राहिला म्हणजे त्याच्याभोवती जमलेली मंडळी जे बोलतात त्याला आपल्याकडे अभिप्राय म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः पंगतीतून उठताना उच्चारलेल्या 'जेवण उत्तम झाले' या वाक्याचा स्वयंपाकाशी जितका संबंध असतो तितकाच 'भाषण फार सुंदर झाले' या वाक्याचा भाषणाशी असतो. खरा अभिप्राय त्याच वेळी जिन्यावरून खाली उतरत असतो. 'मागे काही ऐकूच येत नव्हते', 'दाखले चांगले होते, पण मुद्दा कोणता ते कळले नाही', 'शेवटची वीस मिनिटे नसती तर बरे झाले असते', असे दोघे-तिघे आपसांत बोलत चपला शोधतात आणि घरची वाट धरतात. हा मजकूर वक्त्याच्या दफ्तरी कधीच दाखल होत नाही, आणि त्यामुळे वीस वीस वर्षे व्यासपीठावर काढलेला मनुष्य पहिल्या वर्षीचेच दोष विसाव्या वर्षी अधिक आत्मविश्वासाने करीत असलेला पाहावयास मिळतो.

आपल्या प्रांतात बोलण्याच्या संधीची वाण कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली आणि वक्तृत्वोत्तेजक सभेने चालविलेली वसंत व्याख्यानमाला घ्या, तिच्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेल्या असंख्य माला घ्या, गणेशोत्सवातील व्याख्याने घ्या, की शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धा घ्या. मराठी माणसाला बोलावयास उभे करण्याची सोय गावोगाव आहे. परंतु गायकाला गुरू असतो, नटाला दिग्दर्शक असतो, लेखकाला निदान एखादा चिकित्सक संपादक तरी असतो. वक्ता मात्र पहिल्या टाळीनंतर एकटा पडतो.

हा एकटेपणा अपायकारक का, हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: वक्त्याला स्वतःचे भाषण ऐकू येत नाही. विधान विरोधाभासात्मक वाटले तरी ते अक्षरशः खरे आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही ऐकू येतो, आणि या दुसऱ्या वाटेने येताना त्यातील खालचे स्वर बळावलेले असतात. म्हणून ध्वनिमुद्रित झालेला स्वतःचा आवाज प्रथम ऐकणारा मनुष्य हा पातळ, परका आवाज आपला नव्हेच असे शपथेवर सांगावयास तयार होतो, आणि त्याच्या कुटुंबीयांना मात्र त्यात काहीच वावगे वाटत नाही. भीतीच्या बाबतीत हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आपली धडधड, आपला कंप आणि आपला घसा कोरडा पडणे हे साऱ्या सभेला उघड दिसत आहे अशी वक्त्याची समजूत असते, आणि श्रोत्यांना त्यातील पुष्कळसे दिसतच नाही. इतकेच नव्हे, तर ही वस्तुस्थिती ज्यांना भाषणापूर्वी समजावून सांगितली त्यांची भाषणे त्यांच्या स्वतःच्या आणि श्रोत्यांच्याही मते अधिक चांगली झाली. म्हणजे आवाजाविषयी वक्ता स्वतःच्या बाजूने खोटी साक्ष देतो आणि भीतीविषयी स्वतःच्या विरुद्ध. अशा साक्षीदारावर विसंबून सुधारणा करावयास निघणे धोक्याचेच.

बाहेरच्या साक्षीची गरज या कारणाने उत्पन्न होते. परंतु येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट करून घेतला पाहिजे, कारण अभिप्राय देणारा आणि घेणारा असे दोघेही तो विसरतात आणि मग एकमेकांवर रुसतात. श्रोत्याच्या तोंडून येणाऱ्या मजकुरात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. 'पाचव्या रांगेच्या मागे तुमच्या वाक्यांचे शेवट ऐकू येत नव्हते', ही जबानी झाली; 'तुमचा आवाज व्यासपीठाचा नव्हे', हा फैसला झाला; आणि 'मोठ्याने बोलत जा', हे औषध झाले. यांपैकी जबानीच्या बाबतीत श्रोता हाच एकमेव अधिकारी पुरुष होय, आणि तिच्याविरुद्ध वक्त्याची कोणतीही कैफियत ग्राह्य धरता येत नाही. ज्याला ऐकू आले नाही त्याला ते ऐकू आले होते असे पटवून देणे ब्रह्मदेवालाही साधावयाचे नाही. फैसला करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. आणि औषध तर तो बहुधा चुकीचेच सांगतो, कारण वाक्यांचे शेवट ऐकू न येण्याचे मूळ लहान आवाजात क्वचितच असते. पुष्कळदा श्वास अपुरा पडतो, वाक्य लांबते, आणि मराठीत शेवटी येणारे क्रियापद, ज्यावर 'केले' की 'केले नाही' हा सारा अर्थ लोंबकळत असतो, ते नेमके श्वासाच्या तळाशी जाऊन पोहोचते. अशा माणसाने कोणाच्या सांगण्यावरून मोठ्याने बोलण्यास सुरुवात केली तर वाक्याचा आरंभ अधिक मोठा होईल, श्वास अधिक लवकर संपेल, आणि शेवट पूर्वीपेक्षाही खोल बुडेल. श्रोत्याने काय घडले ते सांगावे. ते का घडले आणि त्यावर उपाय कोणता, याची तजवीज वक्त्याने स्वतः किंवा त्या कलेतील जाणत्याच्या मदतीने करावी, अशी ही श्रमविभागणी आहे, आणि ती मोडली की अभिप्राय निरुपयोगी होतो.

मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात २६ सप्टेंबर १८९६ रोजी भरलेली सभा या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी स्वदेशात मांडण्यासाठी आलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी त्या दिवशी सत्ताविसाव्या वर्षाच्या अखेरीस होते, आणि व्यासपीठाशी त्यांचे पूर्वीपासून सख्य नव्हते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना आपले लिहून आणलेले मतही वाचून दाखविता आले नव्हते, ते दुसऱ्याने वाचले. आणि १८९१ साली स्वदेशी परतताना हॉबर्न उपाहारगृहात मित्रांना दिलेल्या मेजवानीत विनोदी भाषण करण्याचा त्यांचा बेत पहिल्या वाक्याशीच कोलमडला होता. विनोदासाठी त्यांनी निवडलेली गोष्ट ॲडिसनच्या पार्लमेंटातील फजितीची होती, आणि ती पुरी सांगण्याआधीच स्वतःची फजिती झाली, हा दैवाचा विनोद अधिक सरस म्हणावा लागेल. आता मुंबईत सभेचे सूत्रधार होते सर फिरोजशहा मेहता, ज्यांच्या सभेला विद्यार्थ्यांची अशी दाटी होई की तीळ ठेवावयास जागा उरू नये.

आदल्या संध्याकाळी फिरोजशहांनी गांधींना विचारले, की भाषण तयार आहे काय. आणि आपण आयत्या वेळी सुचेल तसे बोलणार आहो, असे उत्तर मिळताच त्यांनी ते नामंजूर केले. मुंबईत वृत्तान्त नीट घेतले जात नाहीत, सभेचा उपयोग व्हावयाचा असेल तर भाषण लिहून काढले पाहिजे आणि उजाडण्यापूर्वी ते छापून झाले पाहिजे, असे सांगून हस्तलिखित न्यावयास माणूस किती वाजता पाठवू एवढे विचारण्यापर्यंत त्यांनी मजल नेली. गांधींनी रात्री अकराची वेळ दिली आणि ती पाळली. दुसऱ्या दिवशी सभागृह भरले, गांधी थरथरत वाचावयास उभे राहिले, आवाज पहिल्या काही रांगांपलीकडे जाईना, आणि फिरोजशहा शेजारून सारखे 'मोठ्याने, आणखी मोठ्याने' असे उत्तेजन देऊ लागले. या उत्तेजनाने आपला आवाज चढण्याऐवजी अधिकच खाली खाली जात राहिला, अशी कबुली गांधींनी पुढे आत्मकथेत दिली आहे. अखेर त्यांचे जुने स्नेही केशवराव देशपांडे मदतीस धावले; त्यांनी कागद हाती घेतले, परंतु सभेने 'वाच्छा, वाच्छा' असा एकच घोष केला, तेव्हा दिनशा वाच्छांनी उठून ते भाषण वाचले, आणि तीच सभा शेवटपर्यंत शांत राहून योग्य जागी टाळ्या आणि योग्य जागी धिक्कार देत राहिली.

एकाच माणसाने चोवीस तासांच्या आत दिलेल्या या दोन सूचना. दोन्ही सद्भावनेच्या, दोन्ही अनुभवी माणसाच्या, आणि वस्तुस्थितीला धरूनही दोन्ही खऱ्या. परंतु पहिलीने सभा वाचविली आणि दुसरीने वक्त्याचे उरलेसुरले बळही काढून घेतले. पहिली सूचना वेळेवर आली, ती कृतीची होती, ती अमलात आणणे गांधींच्या हाती होते, आणि तिच्यामागची सबब त्यांना सांगितली गेली होती. दुसरी ज्या क्षणी आली त्या क्षणी तिचे काहीही करता येण्यासारखे नव्हते. आपला आवाज पोहोचत नाही हे ज्याला आधीच दिसत आहे त्याला तेच पुन्हा सांगितल्याने त्याचे लक्ष भाषणावरून उठून स्वतःवर जडते. मला तर असे वाटते, की त्या दिवसाचे खरे श्रेय हस्तलिखिताला आहे: भाषण लिहिलेले नसते तर वाच्छांनी तरी काय वाचले असते?

ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस याच्या चरित्रातही हाच धडा दडलेला आहे, पण शालेय पुस्तकांनी तो झाकून टाकला आहे. तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करणारा डिमॉस्थेनीस लहान पोरालाही ठाऊक असतो. खडे तोंडात धरावेत अशी वेळ त्याच्यावर आणणाऱ्या सॅटिरस नामक नटाचे नाव कोणी घेत नाही. चरित्रकार प्लुटार्काने डिमॉस्थेनीसनंतर सुमारे चार शतकांनी लिहिलेल्या चरित्राप्रमाणे, डिमॉस्थेनीसच्या प्रारंभीच्या भाषणाला अथेन्सच्या लोकसभेने हसून वाटेस लावले, कारण आवाज दुबळा, उच्चार अस्पष्ट, श्वास तोकडा आणि वाक्ये अशी गुंतागुंतीची की अर्थ हाती लागू नये. हसणे हा फैसला होय. त्यातून शिकण्यासारखे काही निघत नाही. खिन्न होऊन पिरिअसच्या बंदरात भटकत असता त्याला युनोमस नावाचा वृद्ध भेटला आणि म्हणाला, की तुझी भाषणशैली पेरिक्लीसच्या तोडीची असून भित्रेपणाने आणि शरीर कमावण्याच्या आळसाने तू ती वाया घालवीत आहेस. येथे प्रथमच त्याला आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही याचा वेगवेगळा हिशेब मिळाला. सॅटिरसने तर टीका केलीच नाही. युरिपिडीस किंवा सोफोक्लीस यांचा एखादा उतारा म्हणून दाखव, एवढेच त्याने सांगितले, आणि डिमॉस्थेनीसचे म्हणून झाल्यावर तोच उतारा स्वतः अशा योग्य स्वरात आणि अभिनयात म्हटला, की तो उतारा तोच असल्याची ओळखही पटू नये. शब्द तेच, फरक केवळ म्हणण्यात. हे एकदा कानांनी अनुभवल्यावर दोष कोठे आहे याविषयी वादाला जागाच उरली नाही.

यापुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे. अस्पष्ट उच्चारांसाठी खडे, तोकड्या श्वासासाठी चढण चढताना किंवा धावताना केलेले पठण, हावभावांसाठी मोठा आरसा, आणि हे सर्व अखंड चालावे म्हणून जमिनीखाली बांधलेली अभ्यासिका, जिच्यातून बाहेर पडण्याचा मोह होऊ नये यासाठी अर्धे डोके भादरून घेण्यापर्यंत त्याची तयारी: प्रत्येक तक्रारीला त्याने एकेक व्यायाम नेमून दिला. खडे धरण्याचा सल्ला अथेन्सच्या सभेने दिलेला नव्हता, युनोमसनेही नव्हता.

सिसेरोची हकीकत याहून विश्वसनीय, कारण ती त्याने स्वतः 'ब्रूटस' या इ. स. पू. ४६ मध्ये लिहिलेल्या संवादात सांगितली आहे. इ. स. पू. १०६ मध्ये जन्मलेला हा रोमन वकील ऐन पंचविशीत न्यायालये गाजवू लागला, तेव्हा त्याची शरीरयष्टी अत्यंत कृश आणि मान लांब व बारीक होती, आणि बोलण्याची पद्धत अशी की प्रारंभापासून अखेरपर्यंत आवाज पूर्ण ताणलेला, अंगाला सारखा आवेश, चढउतार म्हणून नाही. मित्रांनी आणि वैद्यांनी वकिलीच सोडून देण्याचा आग्रह धरला. या प्रसंगी सामान्य माणूस दोहोंपैकी एक करतो: सल्ला मानून धंदा सोडतो, नाही तर सल्ला झिडकारून छाती फुटेपर्यंत ओरडत राहतो. सिसेरोने त्या मजकुराची फोड केली. या पद्धतीने बोलत राहिल्यास देह टिकणार नाही, ही त्यातली साक्ष त्याने मान्य केली. सबब बोलणेच सोडावे, हे औषध नाकारले. आणि बोलण्याची पद्धत बदलण्यासाठी इ. स. पू. ७९ मध्ये ग्रीस आणि आशियाचा प्रवास आरंभिला. सहा महिने अथेन्समध्ये, मग आशियातील नामांकित वक्तृत्वशिक्षकांकडे, आणि अखेरीस ऱ्होड्स बेटावर अपोलोनियस मोलोनकडे तो गेला.

मोलोनविषयी सिसेरोने जे लिहिले आहे त्यात उत्तम परीक्षकाचे सारे लक्षण आले आहे: तो स्वतः खटले चालविणारा आणि लिहिणारा होता, दोष हेरण्यात आणि दाखविण्यात निष्णात होता, आणि शिकविण्यात चतुर होता. तारुण्याच्या मस्तीत काठ सोडून वाहणाऱ्या सिसेरोच्या अतिरेकी शब्दप्रवाहाला त्याने परत पात्रात आणण्याचा यत्न केला. दोन वर्षांनी सिसेरो रोमला परतला तो आवाजावरचा ताण उतरलेला, भाषेचा फेस निवालेला, छाती बळकट झालेली आणि अंग बेताने भरलेले असा, जवळ जवळ दुसराच मनुष्य होऊन. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की मोलोनच्या पदरी पडण्यापूर्वी सिसेरो काही नवशिका नव्हता. रोशिअसचा गाजलेला खटला त्याने त्याआधीच जिंकला होता. जिंकत असताना शिकावयास जाणे ही गोष्ट हरल्यावर शिकावयास जाण्याहून फार कठीण असते.

अभिप्रायाने सुधारणा होतेच, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो पुष्कळ अंशी खोटा आहे. अवराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली त्या विषयावरील तोवरच्या संशोधनाची एकत्रित छाननी केली. ६०७ परिणामांची मापे आणि २३,६६३ निरीक्षणे त्यांनी हिशेबात घेतली आणि त्यांतून निघाले ते असे, की सरासरीने पाहता अभिप्रायाचा लाभ होतो खरा, परंतु एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी खालावली. त्यांची उपपत्ती गांधींच्या मुंबईतील अनुभवाशी थेट जुळते: अभिप्राय कामाविषयी बोलतो तोवर तो उपकारक ठरतो, आणि माणसाचे लक्ष कामावरून काढून स्वतःच्या योग्यतेकडे वळवितो तसतसा त्याचा परिणाम ओसरत जातो. यात स्तुतीलाही सूट नाही. 'तुम्ही जन्मजात वक्ते आहात' हे वाक्य 'तुम्ही वक्ते नव्हेत' या वाक्याइतकेच निकामी आहे, कारण दोहोंपैकी कोणत्याही वाक्यावरून उद्या सकाळी काय करावे ते कळत नाही.

कामापुरते बोलण्याची शिस्त लावण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील सँटा ॲना गावी वाय. एम. सी. ए.च्या इमारतीत राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी जो मेळावा भरविला त्यातून टोस्टमास्टर्स ही संस्था उभी राहिली, आणि आज पुण्या-मुंबईतही तिच्या शाखा भरतात. तेथे भाषण झाले की एक नेमलेला सभासद सर्वांसमक्ष दोन-तीन मिनिटांत त्याचे परीक्षण करतो. हिरवा, पिवळा, तांबडा दिवा मुदतीची खूण करतो. एक जण वक्त्याच्या 'अं'-'आं'ची मोजदाद ठेवतो. आणि परीक्षकाने परीक्षण कसे केले याचेही परीक्षण दुसरा कोणी करतो. या यंत्रणेत मोजदाद करणारा मला सर्वांत मौल्यवान वाटतो, कारण तो मत देत नाही, आकडा देतो. आपल्याकडे त्याला काम फार पडेल. 'म्हणजे', 'बरं का', 'काय आहे की', आणि राजकीय व्यासपीठावरून साऱ्या महाराष्ट्रात पसरलेले 'या ठिकाणी' हे बोलणाऱ्याला ऐकूच येत नाहीत. वीस मिनिटांत 'या ठिकाणी' कितीदा आले याचे टाचण हाती ठेवले, तर कोणत्याही उपदेशाशिवाय पुढच्या भाषणात ते निम्मे होते. त्या संस्थेतील एक सवय मात्र मला खटकते. दोष सांगावयाचा तो दोन स्तुतींच्या मध्ये लपवून, हा तेथील अनेक परीक्षकांचा प्रघात आहे, आणि ऐकणारा दोन-चार सभांतच ही चाल ओळखतो. मग आधीची स्तुती तो ऐकत नाही आणि नंतरचीवर विश्वास ठेवीत नाही.

आमच्या वक्तृत्वस्पर्धांची स्थिती याहून शोचनीय आहे. परीक्षकांच्या हाती विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव, वेळेचे बंधन असे रकाने पाडलेले गुणपत्रक असते, आणि ते भरताना पुष्कळ परीक्षक कडेला नेमका शेरा लिहितातही. परंतु निकाल जाहीर होताच ते कागद आयोजकांच्या पेटीत जातात आणि ज्याच्याविषयी तो शेरा आहे त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत. स्पर्धकाला मिळते ते परीक्षकांचे मनोगत, ज्यात सर्वांनी तयारी चांगली केली आणि पाठांतरावर विसंबू नये असे सर्वांनाच लागू पडणारे, म्हणून कोणालाच न लागणारे, दोन शब्द असतात. ते कडेचे शेरे चिठ्ठी करून स्पर्धकाच्या हाती देण्यास खर्च काय येतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

परंतु परीक्षकाची वाट पाहत बसण्याचे वक्त्याला कारण नाही. जबानी मागून घेता येते, फक्त ती मागण्याची रीत असते. 'कसे झाले?' हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याचे उत्तर समाजाने आधीच ठरवून ठेवले आहे. भाषणाच्या आधी एखाद्या विश्वासू श्रोत्याला मागच्या रांगेत बसवावे आणि एकाच गोष्टीवर नजर ठेवावयास सांगावे: वाक्यांचे शेवट पोहोचतात काय, किंवा लोक प्रथम केव्हा चुळबुळ करू लागतात, किंवा मी टिपणाकडे पाहतो तेव्हा गोष्ट तुटते काय. चुळबुळीची वेळ घड्याळाकडे पाहून टिपली तर ती सोन्यासारखी. अठराव्या मिनिटाला सभा हलली एवढे कळले म्हणजे अठराव्या मिनिटाला आपण काय सांगत होतो हे टिपणात सापडते, आणि बहुधा तेथे दुसऱ्या एका भाषणाचा आरंभ झालेला असतो. विषयाचा जाणकार नसलेल्या कोणाला तरी दुसऱ्या दिवशी एवढेच विचारावे, की काल मी काय सांगितले. तो जे सांगेल तेवढेच भाषण प्रत्यक्षात झाले. बाकीचे वक्त्याच्या मनातच राहिले. प्रत्येक वेळी त्याला केवळ चुटका आठवू लागला तर चुटका फार चांगला आहे आणि मुद्दा त्याच्या सावलीत उभा आहे, असा अर्थ करावयास हरकत नाही.

ध्वनिमुद्रण तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ते ऐकण्याची लाज पहिल्या दोन-तीन वेळांत ओसरते, आणि पुढे ऐकण्यात खरा अभ्यास सुरू होतो. मात्र ध्वनिमुद्रणाने श्रोत्याची जागा भरून निघत नाही. वाक्य कसे उच्चारले ते यंत्र सांगते, ते वाक्य ऐकून कोणाच्या मनात काय झाले ते नाही. आणि हाती आलेल्या साऱ्या तक्रारी एकाच भाषणात दूर करण्याचा हव्यास धरू नये. श्वास, हात, मुदत, दाखले आणि 'या ठिकाणी' यांच्यावर एकदम पहारा बसविणारा वक्ता बोलण्याऐवजी हजेरी घेऊ लागतो. टिपणाच्या माथ्यावर एक दोष लिहावा आणि त्या दिवसापुरते बाकीच्यांना अभय द्यावे.

अभिप्राय ऐकत असताना कैफियत देऊ नये, हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास दुर्घट आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करता करता ज्ञानदेव दूरवर जातात, मग आपण विस्तार केला याविषयी समर्थनाचे बोल बोलू लागतात, आणि तेथे श्रोतेच त्यांना थांबवून म्हणतात, की या परिहाराची गरज नाही. संतांच्या त्या सभेत वक्ताही असामान्य आणि श्रोतेही असामान्य होते. आपल्या सभांत श्रोता 'मुद्दा कळला नाही' म्हणाला, की वक्ता तो मुद्दा तेथेच उभ्या उभ्या दहा मिनिटे समजावून सांगतो, आणि समजूत पटल्याचे पाहून संतुष्ट होतो. दहा मिनिटांनी एकाला कळले. दोनशे जण तो न कळताच घरी गेले होते, हे तो विसरतो.

परस्परविरुद्ध जबान्या आल्या तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. एकाला भाषण संथ वाटले आणि दुसऱ्याला घाईचे, तर दोघेही कोठे बसले होते, विषय कोणाला आधी माहीत होता, याची रुजवात घालावी. पुष्कळदा दोघेही खरे निघतात. काही टीका मात्र नाकारावयाचीच असते. पायथियस नावाच्या समकालीन वक्त्याने डिमॉस्थेनीसला टोमणा मारला, की तुझ्या युक्तिवादांना दिव्याच्या वातीचा वास येतो. रात्र रात्र जागून केलेल्या तयारीवर हा वार होता. डिमॉस्थेनीसने तो दोष कधी दूर केला नाही, उलट तयारी करून येणे हा लोकांविषयीचा आदर आहे अशी भूमिका त्याने घेतली, कारण आयत्या वेळी बोलू लागलेला डिमॉस्थेनीस हा डिमॉस्थेनीस राहिलाच नसता.

सिसेरोवरही उत्तरायुष्यात पुन्हा तोच आरोप आला, जो मोलोनने तरुणपणी केला होता: भाषा फुगलेली, आशियाई थाटाची, शब्दांनी लडबडलेली. आरोप करणारे तरुण स्वतःला अथेन्सच्या जुन्या, कोरड्या, नेमक्या शैलीचे वारसदार म्हणवीत, आणि मार्कस ब्रूटस हा त्यांच्यापैकीच होता. मोलोनची टीका सिसेरोने शिरोधार्य मानली. या तरुणांची मानली नाही, आणि 'ब्रूटस' हा संवाद काही अंशी त्यांना दिलेले उत्तरच आहे. मोलोन सिसेरोला अधिक चांगला सिसेरो करू पाहत होता, तर या मंडळींना तो दुसराच कोणी व्हावयास हवा होता, हा फरक त्याला दिसला असावा. पुढे इ. स. पू. ४४ मध्ये, सीझरच्या वधानंतर कॅपिटोलवर केलेले आपले भाषण प्रसिद्ध करण्यापूर्वी ब्रूटसने ते सिसेरोकडे पाठविले आणि भीडमुर्वत न ठेवता दुरुस्त करून देण्याची विनंती केली. सिसेरोने ते वाचले आणि आपला मित्र ॲटिकस याला कळविले, की विचार आणि शब्द या दोन्ही दृष्टींनी ते अत्यंत रेखीव आहे. त्याने पुढे लिहिले, की तो प्रसंग माझ्यावर आला असता तर मी अधिक पेटून लिहिले असते. परंतु ब्रूटसला वक्तृत्वाचा जो आदर्श मान्य आहे तो त्याने या भाषणात पुरता गाठला आहे, म्हणून माझ्याने त्यात दुरुस्ती करवली नाही. ते वाचून तू आपले मत कळव, असेही त्याने ॲटिकसला लिहिले, आणि पुढे अशी कोपरखळी मारली, की नावातच अथेन्स असल्यामुळे तू निवाड्यात जरा अधिकच अथेन्सचा होशील अशी मला भीती वाटते. पण डिमॉस्थेनीसच्या विजा आठव, म्हणजे शुद्ध अथेन्सचे राहूनही किती गडगडता येते ते तुझ्या ध्यानात येईल.